समोरच्या काचेवर वॉटर रिपेलंट लावताना: माझा अनुभव

वॉटर रिपेलंट, म्हणजे काचेवर पाणी टिकू न देणारा द्रव, लावल्यावर थोड्याच दिवसांत वायपर थडथडायला लागला, तर बहुतेक जण बाटली बदलतात. मी आधी काच कशी धुतली होती ते विचारतो. द्रव लावण्याचं काम पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं, पण काच तयार करायला तास-दीड तास सहज जातो. सगळी गंमत त्या तास-दीड तासात आहे.

काचेच्या पृष्ठभागावर सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. त्यांना पाणी आवडतं, म्हणून अगदी स्वच्छ काचेवर थेंब न राहता पाणी पसरतं. कोटिंगमधले सिलिकोन किंवा सिलेन या सिलिकॉनच्या संयुगांचे रेणू याच गटांना धरून बसतात आणि पाणी झिडकारणारं टोक बाहेर ठेवतात. मध्ये डिझेलची काजळी, रस्त्यावरचं तेल किंवा गाडी धुताना आलेलं वॅक्स असलं, तर हे रेणू काचेऐवजी मळाला धरतात. पुढे मळ सुटला की कोटिंगही त्याच्याबरोबर जातं, आणि तेही तुकड्या-तुकड्यांनी. वायपरची कटकट सुरू होते ती इथूनच.

म्हणून मी गाडी सावलीत आणि काच गार असतानाच काम हाती घेतो. हाताला काच कोमट लागली तरी थांबतो, कारण गरम काचेवर द्रवातलं अल्कोहोल पसरायच्या आधीच उडून जातं आणि पट्टे उमटतात. वायपरचे दांडे उभे करून आधी साध्या शाम्पूने काच धुवायची. शाम्पू वॅक्स नसलेला हवा. ‘वॉश अँड वॅक्स’ लिहिलेला इथे चालत नाही.

धुतल्यावर काच दिसते स्वच्छ, पण हाताला कळतं ते डोळ्याला कळत नाही. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून ओल्या काचेवरून बोटं फिरवली की जिथे जिथे काही चिकटलेलं आहे तिथे बारीक खरखर लागते. ही खरखर क्ले बारने, म्हणजे चिकटलेला मळ उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, काढायची. छोटा तुकडा चपटा करायचा, काच शाम्पूच्या पाण्याने सतत ओली ठेवायची आणि दाब न देता सरळ रेषेत मागे-पुढे घासायचं. सुरुवातीला क्ले अडकतो, खरवडल्याचा आवाज येतो. आवाज बंद झाला आणि तो घसरायला लागला की ती जागा झाली. क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्यायचा, कारण त्यात रुतलेला वाळूचा एक कण काचेवर कायमची रेघ ओढतो.

पाण्याच्या क्षाराचे पांढरे डाग क्लेने जात नाहीत. ताजे असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं पाचेक मिनिटं डागावर ठेवलं की कॅल्शियमचे क्षार विरघळतात. नंतर भरपूर पाण्याने धुवायचं, रंगावर ओघळ राहू द्यायचा नाही. जुने डाग आणि चिवट तेलकट थर यांच्यासाठी सिरियम ऑक्साइड, म्हणजे काच पॉलिश करायची बारीक पावडर, लागतं. पावडर पाण्यात कालवून पॅडवरून ओघळणार नाही इतपत दाट करायची, फेल्टच्या पॅडने हाताने किंवा मशीनच्या कमी वेगावर फिरवायची आणि वाळू द्यायची नाही. काच गरम व्हायला लागली की थांबायचं; समोरची काच दोन थरांची, मध्ये प्लॅस्टिकची फिल्म असलेली असते, एका जागी उष्णता साठणं तिला मानवत नाही. कोरडी पावडर हाताळताना मास्क हवाच, आणि काचेच्या कडेचं रबर व काळं प्लॅस्टिक आधी मास्किंग टेपने झाकलेलं बरं, नाहीतर पांढरी भुकटी खाचांमधून काढत बसावं लागतं. नखाला लागेल असा ओरखडा मात्र सिरियमने काढायच्या भानगडीत पडू नये. तेवढ्या जागी काच खोलगट होते आणि नेमकी चालकाच्या नजरेसमोर प्रतिमा वाकडी दिसते.

आता परीक्षा. काचेवर स्वच्छ पाणी ओतायचं. पाण्याचा अखंड पडदा काही क्षण न फाटता टिकला, तर काच उघडी झाली. मध्येच बेटं पडली, पाणी एखाद्या जागेवरून मागे सरलं, तर तिथे अजून तेल किंवा जुनं कोटिंग आहे. त्या जागेवर पुन्हा सिरियम. ही एक पायरी गाळली की पुढचं सगळं नशिबावर.

काच कोरडी करून शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. निम्मं अल्कोहोल, निम्मं डिस्टिल्ड पाणी, आणि फॅब्रिक कंडिशनरमध्ये न धुतलेलं मायक्रोफायबर. कंडिशनरचा अंश फडक्यातून काचेवर उतरतो आणि इतका वेळ केलेलं काम वाया जातं. त्याच अल्कोहोलने वायपरच्या रबराची धार, फडक्यावर काळं येणं जवळजवळ थांबेपर्यंत पुसायची.

द्रव फार लागत नाही. एका काचेला दहा-पंधरा मिलिलिटर पुरतं. जास्त ओतल्याने थर जाड होत नाही, कारण काचेला धरणारा थर काही नॅनोमीटरचाच असतो, बाकीचं नुसतं धूसर होऊन बसतं. मी काचेचे दोन भाग करतो. ॲप्लिकेटरवर द्रव घेऊन आधी आडवे, मग उभे हात, प्रत्येक हात आधीच्यावर थोडा चढवून. हलकी धूसर झाक आली की किंचित ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसायचं. कंपनीने दुसरा हात सांगितला असेल तर तो दहा-पंधरा मिनिटांनी. शेवटी टॉर्च तिरका धरून बघायचं: सरळ बघताना न दिसणारी धूसर पट्टी तिरक्या उजेडात लगेच उठून दिसते, आणि रात्री समोरून दिवे आले की तीच त्रास देते. पाणी आणि वायपर यांपासून काच किती तास दूर ठेवायची ते बाटलीवर लिहिलेलं असतं. फ्लोरोसिलेनच्या (फ्लोरिन असलेल्या सिलेनच्या) द्रवांना मी रात्रभर तरी देतो.

कोणता प्रकार घ्यावा? सिलिकोनचे द्रव लावायला सोपे, पण वायपरच्या पट्ट्यात काही आठवड्यांत ते पातळ व्हायला लागतात. फ्लोरोसिलेन महिनोन् महिने टिकतं, पण वाईट तयार केलेल्या काचेला ते अजिबात माफ करत नाही. थेंब किती गोल दिसतो याला जाहिरातीत फार महत्त्व. मी तो किती सहज घसरतो ते बघतो. महामार्गाच्या वेगाला वाऱ्याने थेंब वर पळतात, तेव्हा कोटिंग खरंच कामाचं वाटतं. शहरात रांगत्या गाडीवर बारीक भुरभुर असताना मात्र थेंब जागीच बसून दिव्यांचा उजेड फोडतात, त्या वेळी वायपर चालवावाच लागतो. म्हणूनच बाजूच्या आरशांवर मी हे लावत नाही. तिथे थेंब झटकायला पुरेसा वारा लागत नाही, शिवाय काही आरशांना कंपनीनेच पाणी पसरवणारा थर दिलेला असतो.

काचेच्या आतून तर हे मुळीच लावू नये. आतला त्रास बाष्पाचा. पाणी झिडकारणाऱ्या थरावर त्याचे असंख्य बारीक थेंब होतात आणि धुकं आणखी दाट दिसतं. प्लॅस्टिकचे हेडलाइट आणि कॅमेऱ्याची भिंगंही सोडून द्यायची. द्रवातलं अल्कोहोल आणि आम्ल काही प्लॅस्टिकला चालत नाही. काचेमागे पावसाचा सेन्सर असेल तर तो परावर्तित इन्फ्रारेड प्रकाशावरून पाणी ओळखतो, त्यामुळे थेंबांचा आकार बदलला की वायपर उशिरा किंवा उगाच चालू शकतो. संवेदनशीलतेचं बटण एक घर इकडे-तिकडे करून बहुतेक वेळा भागतं. तरी गाडीचं पुस्तक कोटिंगला नाही म्हणत असेल तर ऐकावं.

एवढं करूनही वायपर थडथडला तर क्रम असा: आधी काच ओल्या फडक्याने पुन्हा पुसून उरलेली धूसर झाक काढायची, मग रबर साफ करायचं, मग रबर कडक झालंय का ते बघायचं. तरीही थांबलं नाही तर दांडा तपासायचा. वायपर जागेवर थांबलेला असताना रबर काचेला काटकोनात टेकायला हवं; दांडा पिळलेला असला तर एका दिशेला ते उलटत नाही आणि उड्या मारतं. कोटिंगवर पाण्याचा पातळ थर टिकत नसल्याने रबर जवळजवळ कोरडंच घासतं, त्यामुळे एरवी लपलेला हा दोष लगेच बोलायला लागतो. ग्रॅफाइटचा लेप असलेलं ब्लेड इथे उपयोगी पडतं.

पुढची निगा साधी आहे. वॉशरच्या टाकीत कपडे धुवायची पावडर टाकायची नाही, तिच्यातली अल्कली कोटिंगला खाते. वायपरच्या पट्ट्यात थेंब गोल न राहता लांबट, सुस्त झाले की तेवढाच भाग अल्कोहोलने पुसून पुन्हा एक हात द्यायचा. कडेचा भाग तोवर शाबूत असतो. ठिकठिकाणी फाटलेल्या कोटिंगवर मात्र नवं चढवत बसू नये, सिरियमने सगळं उतरवून पाण्याच्या पडद्यापासून पुन्हा सुरुवात करावी.