दीडशेच्या आकड्यावर टिकलेलं दुकान : आमची वाटचाल

आमच्या पाटीवर आजही "टर्निंग व फिटिंगची कामे" एवढंच लिहिलेलं आहे. खरं काम नेमबाजीची एअर पिस्तुलं दुरुस्त करायचं, पण तो शब्द तिथे मुद्दाम घातलेला नाही. घातला तर इंदूरच्या आमच्या परदेशीपुऱ्यातला दर तिसरा माणूस आत डोकावून "भिया, माकडं हाकलायची बंदूक मिळेल का" असं विचारणार. ज्यांना यायचं असतं ते पत्ता विचारत येतात. मधली काही वर्षं तेही येत नव्हते. ते का, हे एकदा लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

बाबा गिरणीत टर्नर होते. इंदूरच्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा त्यांनी जुना राजकोटी लेथ घेतला आणि घराच्या पुढच्या खोलीत बसवला. आई म्हणाली, पाहुण्यांनी बसायचं कुठे? पाहुणे आजतागायत लेथशेजारच्या स्टुलावर बसतात. पहिली बंदूक आली ती फुगे फोडायच्या स्टॉलवाल्याची. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या गर्दीत असे स्टॉल लागायचे आणि त्यांच्या बंदुकांची स्प्रिंग तरी तुटायची, नाहीतर पिस्टनचं चामडी वायसर तरी फाटायचं. बाबा ते वायसर हाताने कापत, तेलात मुरवत आणि मगच बसवत. 2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं. त्यानंतर हळूहळू स्टायर, मोरिनी, पार्दिनी ही स्पर्धेच्या पिस्तुलांची परदेशी नावं आमच्या गल्लीतही ऐकू येऊ लागली.

ती पिस्तुलं दुरुस्त करायची कल्पना ताईच्या यजमानांची, म्हणजे भाऊजींची. पैसे त्यांचे, हात माझे, असा व्यवहार ठरला. आणि पहिलं गिऱ्हाईकही त्यांनीच महूहून स्कूटरच्या मागे बसवून आणलं : सुभेदारसाहेब. मूळ साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झाल्यावर महूतच राहिलेले, मुलांना पिस्तूल शिकवणारे. सैन्याचं मार्क्समनशिप युनिट महूला असल्यामुळे त्या गावात जाणत्या नेमबाजांची वाण नाही. साहेबांची तक्रार एका ओळीची होती : "मिस्त्री, जरा जास्त थांबून मारली की गोळी वर जाते." बाकी सगळ्यांनी त्यांना मनगट तपासायला सांगितलं होतं.

मनगटाचा काही दोष नव्हता. सिलिंडरमधल्या हवेचा दाब असतो 200 बार. रेग्युलेटर नावाचा भाग तो खाली आणतो, समजा 70 वर, आणि त्या 70 वर प्रत्येक गोळी सुटते. सीटवर, म्हणजे हवा अडवणाऱ्या बैठकीवर, केसाएवढा ओरखडा असेल तर हवा झिरपत राहते, 70 चे 74 होतात, 76 होतात. भराभर गोळ्या मारणाऱ्याला हे कधीच कळत नाही. स्पर्धेत मात्र 75 मिनिटांत 60 गोळ्या असतात, माणूस एकेका गोळीवर मिनिटभर रेंगाळतो, आणि जो जास्त संयम राखतो त्याचीच गोळी बिघडते.

हे पकडायला आम्ही जो टेस्टर बनवला तो आजही बाकावर आहे. पितळेचा ठोकळा, एका बाजूला सिलिंडरचे आटे, मधे रेग्युलेटर बसायची खोबण, दुसऱ्या बाजूला गेज. खोबणीचा फिनिश राजकोटी लेथवर मिळेना, म्हणून शेवटचा हात बाबांनी लाकडी दांड्याला पॉलिशचा कागद गुंडाळून मारला. रेग्युलेटर त्यात बसवायचा, हवा सोडायची आणि रात्री घरी जायचं. सकाळी काटा जिथल्या तिथे असेल तर माल पास. घाईचं गिऱ्हाईक म्हणतं, दोन तासांत द्या. मी म्हणतो, दोन तासांत चहा मिळेल.

त्याच्याशेजारी पाचशे ग्रॅमचं वजन लटकतं, ट्रिगर तपासायला. त्याखाली हलका ट्रिगर नियमात बसत नाही. ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, काढायची हुकं पितळेच्या सळईची, घरी केलेली. पोलादी हुकाने खोबणीत ओरखडा पाडणाऱ्याला आमच्याकडे जागा नाही. क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर, वेगळा बल्ब आहे, बॅटरीवरचा. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि सेन्सर त्यालाच छर्रा समजून भलतेच आकडे दाखवतो. आणि प्रत्येक पिस्तुलाचं एक कार्ड : रेग्युलेटरचा दाब, दहा गोळ्यांचा वेग, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांतला फरक.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. कामं आली, केली, पैसे मिळाले. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

मग आमच्याच बाकावर शिकलेल्या एका मुलाने शहराच्या दुसऱ्या टोकाला दुकान काढलं. दुकान काढावं, त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही. पण त्याने काउंटरवर क्रोनोग्राफ ठेवला आणि त्याचा आकडा भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. आमच्याकडे सर्व्हिस झालेलं पिस्तूल सेकंदाला 150 मीटर दाखवायचं. तो तिथल्या तिथे रेग्युलेटरचा दाब चढवायचा, व्हॉल्व्हवर ठोका मारणाऱ्या हॅमरची स्प्रिंग आवळायचा, आणि पडद्यावर यायचे 180. पैसे देणारे असतात आईबाप. त्यांना 180 हे 150 पेक्षा मोठे दिसतात, आणि आहेतच. त्याने असंही पसरवलं की जुन्या दुकानात हात जुने, म्हणून पॉवर काढता येत नाही. या एका वाक्याने आमचं अर्धं गिऱ्हाईक गेलं.

पॉवर कशी वाढते ते आम्हाला ठाऊक नव्हतं थोडंच. हॅमरची स्प्रिंग आवळत गेलं की वेग वाढतो, मग एका जागी वाढायचा थांबतो. तिथून पुढे आवळाल तर व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त वेळ उघडा राहतो. छर्रा नळीबाहेर गेल्यावरही मागून हवा फुसकन निघत राहते, आवाज वाढतो आणि हाताला धक्का बसतो. म्हणून आम्ही वेग थांबतो तिथून उलटं येतो, दोन-तीन टक्के वेग उतरेपर्यंत. तिथे सगळ्यात कमी हवेत सगळ्यात सारखी गोळी मिळते. दहा मीटरवर 150 ने छर्रा साधारण 67 मिलिसेकंदांत पोचतो, 180 ने 56. या अकरा मिलिसेकंदांसाठी ऊर्जा लागते सुमारे 44 टक्के जास्त. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याला सुमारे 5.6 जूलच्या जागी 8.1. कागदाला भोक दोन्हीने सारखंच पडतं.

हिशेब तोंडी करता येतो. शंभर सीसीचा सिलिंडर धरा, 200 पासून 70 बारपर्यंत : बाहेर सोडली तर 13 लिटर हवा. गोळीमागे 80 मिलिलिटर, म्हणजे एकशे साठ गोळ्या. आता रेग्युलेटर 90 वर न्या. वापरायला उरली 11 लिटर आणि गोळीमागे लागते 115. पंचाण्णव गोळ्या. तालमीत पुरतात, म्हणून कुणी मोजत बसत नाही.

मी हे आईबापांना समजावत बसायचो. सुभेदारसाहेब म्हणायचे, "बोलू नका. काम करा." पण काम यायला हवं ना. भाऊजींनी त्या दिवाळीत आपला वाटा काढून घेतला. त्यांच्या मुलीचं लग्न होतं, त्यांचंही बरोबरच होतं, पण ताई नंतर बरेच महिने आमच्याकडे आली नाही. दुसरा लेथ विकला. हिच्या पाटल्या बँकेत गेल्या. पोलोग्राउंडच्या एका कारखान्याचे बुश कापून महिना निघायचा. पिस्तुलं म्हणाल तर महूहून येत तेवढीच. साहेब आपल्या मुलांची सगळी पिस्तुलं पाळीपाळीने पाठवत, काही बिघडलेलं नसलं तरी. एकदा मी म्हटलं, याला काहीच झालेलं नाही. ते म्हणाले, "मग कार्डावर तसं लिहा आणि बिल करा." त्या माणसाने आम्हाला जगवलं हे मी कुणापुढेही सांगेन.

मग शाळांची एक स्पर्धा झाली. हवा भरायला एकच मोठा सिलिंडर होता आणि आदल्या दिवशीच्या सरावात तो उतरून 170 वर आलेला. सगळ्यांना 170 चीच हवा मिळाली. आता तोच हिशेब करा. 70 वाल्या पिस्तुलात उरली 10 लिटर, सव्वाशे गोळ्या. 90 वाल्यात 8 लिटर, म्हणजे सत्तरच्या आत. सराव-गोळ्यांमध्ये पंधरा-सोळा गेल्या की साठातली शेवटची सहा-सात बोंबलली. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या आकड्याखाली गेला की 180 चे 140 व्हायला वेळ लागत नाही, आणि 140 ची गोळी 180 पेक्षा सेंटिमीटरभर खाली लागते. पिस्तुलाच्या टार्गेटवर दोन वर्तुळांमध्ये अंतर असतं 8 मिलिमीटर. दहा मारणारी पोरं नऊ आणि आठ मारायला लागली आणि स्वतःच्या हाताकडे बघायला लागली. काही रडली. मला त्याचा आनंद झाला असं कुणी समजू नये. महूची मुलं शेवटपर्यंत एका जागी मारत होती.

पुढच्या महिन्यात लोक परत आले. "चुकलं" असं एकही जण म्हणाला नाही. पिस्तूल बाकावर ठेवायचं आणि "जरा बघून घ्या" म्हणायचं, जणू कालच येऊन गेलेत. मी जुनं कार्ड काढून पुढे ठेवायचो, बस्स. त्याच वर्षी त्या मुलाचा एका कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, शहरातला उद्योजक म्हणून. असो.

2024 मध्ये मनू भाकरने पॅरिसला पदक मिळवल्यावर नवीन पालकांची लाट आली. त्यांना आल्याआल्या सांगतो तेच इथे सांगतो, विचारलेलं नसलं तरी. सिलिंडरवर छापलेली तारीख बघा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरीही चालवू नये. मे महिन्यात पिस्तूल गाडीत सोडून लग्नाला जाऊ नका, सत्तावीस अंशांवर भरलेले 200 बार सत्तावन्न अंशांवर 220 होतात. भरताना सावकाश भरा, नाहीतर सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो, मग तुम्ही आम्हाला गळती म्हणून फोन करता. हातपंप वापरत असाल तर पावसाळ्यात सुकवणारा फिल्टर लावल्याशिवाय एक दांडाही मारू नका, ते पाणी सरळ रेग्युलेटरच्या वायसरांवर, म्हणजे आतल्या स्प्रिंगसारख्या बाकदार चकत्यांवर, जाऊन गंज धरतं. जास्त दाबाच्या हवेत साधं मशीनचं तेल घालू नका, भडका उडू शकतो. सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल न लागेल एवढंच. आणि मुलाच्या मामाने व्हिडिओ बघून रेग्युलेटर उघडला असेल तर आल्याआल्या तसं सांगा, आमचा अर्धा दिवस वाचतो.

"पॉवर वाढवून द्या" म्हणणारे अजून येतात. वीस जूलच्या पुढे एअरगनलासुद्धा परवाना लागतो एवढं सांगितलं की निम्मे जातात. उरलेल्यांना साहेबांसमोर बसवतो. ते अजून येतात, स्टुलावर बसतात, कार्डं चाळतात.

लेथवर आता मुलगी असते. डिप्लोमा झालेली आहे. टेस्टरला डिजिटल गेज लावायचं म्हणते, माझा विरोध आहे, बघू. पण वायसरांचा थर लावायला तिला मी बाबांच्या पद्धतीनेच शिकवलं : तोंडाला तोंड, पाठीला पाठ, आणि पहिल्या वायसरच्या कडेला निळ्या मार्करचा ठिपका. या शहरात ती खूण आमच्याशिवाय कुणी करत नाही. म्हणजे, आमच्याकडे शिकलेलाही करतो. हल्ली तिसऱ्याच माणसाच्या हातून, कुरिअरच्या खोक्यातून, झिरपणारी रेग्युलेटरं येतात. उघडली की आत निळा ठिपका. आम्ही सीट बदलतो, रात्रभर टेस्टरवर ठेवतो, 70 वर बसवून परत पाठवतो. बिल पूर्ण लावतो.