मुंजीतलं मिग

माझ्या मुंजीत दोन गजराची घड्याळं, सात-आठ स्टीलचे डबे, एक लेमन सेट आणि एक मिग-२१ असा आहेर आला होता. बाकीचं सगळं आईने यथावकाश दुसऱ्यांच्या मुंजीत फिरवलं, मिग तेवढं राहिलं. ते मामाने दिलेलं. मामा तेव्हा नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये होता, खऱ्या मिग लढाऊ विमानांच्या कारखान्यात, आणि त्याच्या कुणा साहेबाने परदेशातून आणलेलं हे सुटे पार्ट जोडून विमान करायचं प्लास्टिकचं किट त्याने माझ्यासाठी कपाटात दडवून ठेवलं होतं. मी आठ वर्षांचा, डोक्याचा गोटा झालेला, बॉक्सवरचं चित्र बघून येडा झालो. बाबांनी बॉक्स उघडला, आतले तांदळाएवढे पार्ट बघितले, परत बंद केला आणि म्हणाले, "नाजूक काम आहे, मोठा झालास की कर." झालं. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या माळ्यावर गेला बॉक्स, वाडा पडला तेव्हा भाड्याच्या घरी, मग धानोरीच्या फ्लॅटमधल्या माळ्यावर, आणि मी काही मोठा होईना.

मग २६ सप्टेंबर २०२५ उजाडला. त्या दिवशी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, १९६३ साली तिथेच आलं होतं ते हवाई दलात, म्हणजे बासष्ट वर्षांची नोकरी. मी टीव्हीसमोर बसून बघत होतो आणि नेमकं तेव्हाच आमच्या डोक्यावरून लोहगावच्या हवाई तळावरचं सुखोई गेलं, टीव्हीचा आवाज गायब. धानोरीत राहणाऱ्याला याची सवय असते, फोनवर बोलताना आपण वाक्य मधेच थांबवतो, विमान जाऊ देतो आणि पुढच्या शब्दापासून परत सुरू करतो, समोरच्याला वाटतं नेटवर्क गेलं. १९९७ पासून सुखोई आहेत लोहगावात, सुनांना सासूची होते तशी आम्हाला त्यांची सवय झालीये. पण त्या दिवशी वाटलं की आता नाही काढला बॉक्स तर मग थेट मुलगीच काढेल, मी गेल्यावर, भंगारवाल्याला द्यायला.

बॉक्स उघडला तर आधी वास आला. जुनं पुठ्ठं, कापूर आणि प्लास्टिक. गोंदाच्या ट्यूबचा दगड झालेला, तो अपेक्षितच होता. पार्ट मात्र जसेच्या तसे, चौकटींना लटकलेले, एकेकाच्या कडेला मोल्डमधून बाहेर सांडलेल्या प्लास्टिकचा पापुद्रा. हा पापुद्रा ब्लेडने खरवडायला बसलं की दोन तास कसे जातात कळत नाही, ऑफिसात दोन तास किती मोठे असतात ते मला माहितीये.

स्केल बहात्तरास एक. बहात्तरच का, तर एक इंच म्हणजे सहा फूट, सहा फुटी माणूस बरोबर इंचभर होतो. खऱ्या मिगचे सव्वासात मीटरला जरासे कमी पंख, ते दहा सेंटीमीटरमध्ये बसतात आणि नाकापासून शेपटीपर्यंत साधारण माझी एक वीत. या छंदाच्या नादात काहीबाही वाचत बसलो तेव्हा कळलं की एअरफिक्स नावाच्या इंग्लिश कंपनीचं पहिलं मॉडेल विमानाचं नव्हतंच, १९४९ साली त्यांनी ट्रॅक्टर काढला होता, फर्ग्युसन ट्रॅक्टर. मी हे बायकोला कौतुकाने सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे एफसी रोडवर चालवायचा का. पुणेकराला फर्ग्युसन म्हटलं की कॉलेज आणि त्याचा रस्ता सोडून दुसरं काही सुचतच नाही.

आता गोंदाचं सांगतो. मॉडेलचा खरा गोंद चिकटवत नाही, विरघळवतो. दोन्ही कडा जरा वितळतात, एकमेकांत मिसळतात आणि वाळल्यावर एकच प्लास्टिक होतं, वेल्डिंगच ते. हे मला आधी माहीत नव्हतं म्हणून मी घरातला इन्स्टंट गोंद काढला आणि वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण त्याने लावलं. सकाळी बघतो तर झाकणाला आतून मोतीबिंदू! त्या गोंदाची वाफ काचेवर बसून पांढरी होते म्हणे. ते काढून, घासून, टूथपेस्टने पॉलिश करून परत लावलं ते साध्या फेव्हिकॉलने, वाळला की तो दिसत नाही.

मिगचं नाक हलकं आणि शेपूट जड, त्यामुळे चाकांवर ठेवलं की ते मागे बसतं, जेवण जास्त झालेल्या माणसासारखं. नाकात वजन घालायला लागतं. मी नाकातल्या त्या टोकदार सुळक्याच्या पोटात छऱ्याच्या बंदुकीचे शिशाचे छर्रे भरले आणि एमसीलने लिंपले. एमसील मी पाठीवरच्या सांध्यातही भरलं, कारण विमानाचं धड दोन फाकांचं असतं, उजवी आणि डावी, आणि मधली शिवण पार मानेपासून शेपटीपर्यंत दिसते. घासलं, भरलं, परत घासलं. बोटाला लागत नव्हती म्हणून वाटलं गेली.

रंग कोणता हा प्रश्न नव्हताच. १९७१ च्या युद्धात यातल्या बऱ्याच विमानांवर घाईघाईने हिरवे-मातकट पट्टे मारले होते, १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं सोडली ती मिग-२१ नीच, आणि ते पट्टे करायला मला फार आवडले असते कारण पट्ट्यांखाली सगळी पापं झाकली जातात. पण मामाने फोनवर सांगितलं, "मी लागलो तेव्हा आमच्याकडून चकचकीत बाहेर पडायची रे, नुसत्या पत्र्याची." मग चंदेरीच करणं आलं. आणि चंदेरी रंग एक नंबरचा चुगलखोर! प्रत्येक ओरखडा, प्रत्येक केस, ब्रशचा प्रत्येक फराटा तो गावभर सांगत सुटतो. ब्रशने एक पंख रंगवला, तो पत्र्याच्या जुन्या बादलीसारखा दिसायला लागला.

स्प्रेगन हवी होती. आता पुण्यात दसऱ्यानंतर स्प्रेगन आणि कॉम्प्रेसर रिकामे कुठे असतील, तर कुंभारवाड्यात. कसब्यात एक ओळखीचे मूर्तिकार काका आहेत, गणपती संपलेले, देवीही गेल्या, कारखान्यात नुसते साचे आणि मांजर. विमान बघून ते हसले नाहीत, हे मला फार बरं वाटलं. हातात घेऊन फिरवलं, माझ्या रंगाच्या बाटलीत काडी बुडवली, थेंब कसा पडतो बघितलं आणि म्हणाले, "हे बासुंदी झालंय. दूध करा." दूध केलं. मग त्यांनीच गन धरली, आधी हवा नुसती बाजूला सोडली, मग विमानावरून हात गेला आणि पलीकडे गेल्यावरच रंग बंद केला, विमानावर थांबले असे कुठेच नाही. पाच मिनिटांत मिग जे झळाळलं ते बघून मांजरसुद्धा उठून आलं. काका म्हणाले सोंडेला यापेक्षा त्रास असतो. पैसे घेतले नाहीत.

बॉक्समधली स्टिकरं रशियन, लाल तारे, आणि ती पिवळी पडलेली. असा कागद काचेला चिकटवून उन्हात ठेवला की पिवळेपणा जातो, म्हणून आठ दिवस बाल्कनीच्या काचेवर लाल तारे लावले होते, सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये हळूच विचारलं, पक्ष बदलला का. पिवळेपणा खरंच गेला. पण ती पाण्यात भिजवून लावायची असतात, बुडवल्यावर पहिल्या ताऱ्याचे सात तुकडे झाले, तेही बरंच झालं म्हणा, मला आपली गोल निशाणी हवीच होती. टेपला कर्कटकाने भोकं पाडून हाताने रंगवली, बाहेर केशरी, मग पांढरा, मधोमध हिरवा. पहिल्या पंखावर मी बरोबर उलटं केलं. मुलीने पकडलं.

दिवाळीत मामा आला. ऐंशीचा आहे, काठी आहे, कोथरूडहून धानोरी म्हणजे त्याच्या लेखी परगाव. मी विमान शोकेसमधून काढून त्याच्या हातात दिलं आणि वाट बघत बसलो. भारतात साडेसहाशेच्या वर मिग-२१ बनली, मला वाटायचं त्यातली निम्मी तरी मामाने बनवली असतील, लहानपणी मी शाळेत तसं सांगितलंही होतं. मामा म्हणाला, "अख्खं असं मी कुठे बघितलंय फारसं. एंजिन कोरापूटहून यायचं, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादहून. आमच्याकडे बॉडी. त्यातही मी शीटमेटलला, कित्येक वर्षं पोटाखालची झाकणंच केली."

आणि त्याने विमान उलटं केलं.

पोटाखाली मी काही केलेलं नव्हतं. म्हणजे रंग होता, पण शिवण नीट घासली नव्हती, कोण बघणारे खालून, आणि काकांच्या कारखान्यातून घाईने उचलताना ओल्या रंगावर माझा अंगठा बसलेला, छान स्पष्ट, आधार कार्डला चालेल असा. मामाने चष्मा कपाळावर चढवला, विमान डोळ्याला लागेल इतकं जवळ धरलं, शिवणीवरून नख फिरवलं.

"रिवर्क," म्हणाला.

चकली तशीच ठेवली आणि हात पुढे केला. "झिरो नंबरचा पॉलिशपेपर आहे का रे घरात? आणि वाटीत जरा पाणी आण."