मिलवॉकीतलं ड्रिल मशीन आणि सांगलीतले आप्पा

इथं अमेरिकेत, मिलवॉकीत शेजारच्या आजोबांचं गॅरेज रिकामं होत होतं, तिथून मी एक जुनं ड्रिल मशीन उचललं. डेल्टाचं, 17 इंची. ही कंपनी 1919 साली याच शहरात सुरू झाली आणि 1945 मध्ये रॉकवेलकडे गेली. म्हणजे मशीन आपल्या गावातच गंजत पडलं होतं. बिडाचं टेबल तांबूस झालेलं, पट्टा पुलीवर बसून बसून तसाच ताठलेला.

आप्पांची उमर कुपवाड एमआयडीसीत अशाच मशीनवर गेली. शनिवारी रात्री साडेआठला मी व्हिडिओ कॉल लावतो, तेव्हा सांगलीत रविवारचे सकाळचे सात वाजलेले असतात. मोटरची मिनिटाचे फेरे लिहिलेली पाटी दाखवली तर म्हणाले, "1725? आपल्याकडं 1440 असतंय." इथली वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची. चार पोलची मोटर इथं तेवढी जास्त पळते.

गंज रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरनं निघाला. स्पिंडल, म्हणजे ड्रिल फिरवणारा दांडा, वर खेचणारी डबीतली स्प्रिंग सोडताना मात्र आप्पांनी दोनदा बजावलं, "डबी घट्ट धर, हळूहळू उलगड." हातातून सुटली तर ती बोट कापते.

सगळं जोडलं, तरी ड्रिल थरथरत होतं. डायल, म्हणजे फिरताना किती हलतं ते मोजणारं घड्याळ, लावला तर फरक 10 थाऊ. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी नवी बेअरिंग मागवायला निघालो होतो.

"बेअरिंगला हात लावू नको. चक काढ, टेपर बघ."

स्पिंडलच्या खाचेत पाचर घालून हलका ठोका दिला, ड्रिल पकडणारा चक खाली आला. त्याचा वरचा निमुळता दांडा म्हणजे टेपर, मोर्स नंबर 2 या मापाचा. वरून गुळगुळीत दिसत होता, पण नख फिरवलं तर एका जागी अडलं. कधीतरी चक आत फिरला असणार, त्याचा मोहरीएवढा उंचवटा. ऑइलस्टोननं फक्त तेवढाच घासला, आतलं भोक कापडानं कोरडं पुसलं. तिथं तेल ठेवायचं नाही, टेपर कोरडाच धरतो. पुन्हा डायल लावला: 2 थाऊ.

आता दर रविवारी टेबलावर तेलाचा हात फिरवतो. गावाला लागूनच मिशिगन सरोवर, दमट हवेत उघडं बीड लगेच लाल होतं.

पहिलं भोक पाडलं तेव्हा आप्पा म्हणाले, "फोन जवळ धर, कीस दाखव." दोन्ही बाजूंनी सारख्याच गुंडाळ्या निघत होत्या. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "धारपण बरोबर लागलीय. पाड अजून एक."