सीएची नोकरी सोडून प्रॅक्टिस: राजीनाम्याआधीचा हिशेब

नोकरीत असतानाच सीओपी (प्रॅक्टिस करण्याचं प्रमाणपत्र) घेऊन ठेवलंय, म्हणजे राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी ऑडिटवर सही करता येईल, हा गैरसमज बराच आढळतो. नोकरदाराचं सीओपी अर्धवेळ धरलं जातं आणि त्यावर ऑडिट किंवा प्रमाणपत्रावर सही चालत नाही. आधी रिलीव्हिंग लेटर, मग आयसीएआयच्या, म्हणजे सीएंच्या संस्थेच्या, पोर्टलवर पूर्णवेळ सीओपी, त्यानंतर फर्मचं नाव आणि नोंदणी क्रमांक, असा क्रम. फर्मच्या नावासाठी दोन-तीन पर्याय हाताशी ठेवा, पहिलं मिळेलच असं नाही. सही केली की 60 दिवसांच्या आत यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, काढायचा.

आता पैसे. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा असं सगळे सांगतात. आमच्या मते बारा महिन्यांचा हवा. ऑडिटचं काम सप्टेंबरात उरकतं, फी मात्र दिवाळीनंतर, तीही चार फोन केल्यावर. एक लाखाच्या बिलाचं बघा: जीएसटी धरून 1,18,000. कंपनी 10,000 टीडीएस कापून 1,08,000 देते, त्यातले 18,000 सरकारचे. हातात राहिले 90,000. खरी मेख अशी की जीएसटी बिलाच्या तारखेवर देय होतो, क्लायंटने पैसे थकवले तरी. म्हणून एंगेजमेंट लेटरवर (काम आणि फी ठरवणाऱ्या पत्रावर) सही घेतानाच निम्मी फी मागा. ओळखीतल्या क्लायंटकडे मागायला जीभ रेटत नाही, आणि नेमकी तिथलीच फी बुडते. वर्षाच्या फीचा आकडा 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची घाई सहसा करू नये.

व्यवसायकर नोकरीत दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 असा आपोआप कापला जायचा; आता महाराष्ट्रात स्वतः नोंदणी करून वर्षाचे 2,500 भरायचे. किरकोळ रक्कम, पण विसरली जाते.

जुन्या कंपनीचा गट आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची चौकशी नोटीस पिरियडमध्येच करा. जुन्या आजारांसाठी भोगून झालेला प्रतीक्षाकाळ (ज्यात त्या आजारांचा दावा मिळत नाही) मग वाया जात नाही.

काम मागत फिरायला सीएंच्या आचारसंहितेत मनाई आहे, त्यामुळे सुरुवातीचे क्लायंट ओळखीतूनच येतात. त्यातलं कुणी आधीच्या ऑडिटरवर चिडून आलं असेल तर नेमणूक स्वीकारण्याआधी त्या ऑडिटरला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. नुसता फोन पुरत नाही.