पिकेलहाउबे उलटं करून बघा

जर्मनीतल्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या बाजाराच्या तिथल्या भावंडात, टोकदार पिकेलहाउबे, म्हणजे जर्मन साम्राज्याच्या सैन्यातलं जुनं चामडी शिरस्त्राण, दिसलं की सगळे आधी पुढचा गरुड बघतात. विक्रेताही भाव त्याच्यावरच सांगतो. पण हे शिरस्त्राण कोणत्या पलटणीचं, हे कळतं ते आतून. ते उलटं करा आणि मानेवर येणाऱ्या मागच्या झापडीची आतली बाजू तिरप्या उजेडात धरा. साध्या शिपायाला सरकारातून मिळालेलं असेल तर तिथे किंवा आतल्या चामड्यावर शाईचा नाहीतर दाबून उठवलेला शिक्का असतो.

समजा, वरच्या ओळीत ‘बी. ए.’, रोमन तेरा आणि १९१३ आहे, खाली ‘जे. आर. १२१’, त्याखाली रोमन दोन आणि साधा ७. ‘बी. ए.’ म्हणजे बेक्लायडुंग्सआम्ट, कोअरचं, म्हणजे अनेक पलटणींच्या मोठ्या सैन्यगटाचं, कपड्यांचं कोठार, आणि त्यापुढचा रोमन आकडा कोअरचा. तेरावी कोअर श्टुटगार्टची. ‘जे’ बघून पुष्कळांना येगर, म्हणजे हलक्या पायदळाचे नेमबाज, आठवतात, पण तेव्हा मोठ्या ‘आय’च्या जागी ‘जे’ छापत, म्हणून हे इन्फंट्री रेजिमेंट. पायी येगरांच्या तर शांतताकाळात बटालियनच असत, रेजिमेंट नव्हे. शेवटची ओळ म्हणजे दुसरी बटालियन, सातवी कंपनी. इथे पहिली चाचणी करून घ्या: पहिल्या बटालियनमध्ये १ ते ४, दुसरीत ५ ते ८ आणि तिसरीत ९ ते १२ या कंपन्या. रोमन दोनखाली ९ दिसला तर शिक्का नीट वाचलेला नाही, किंवा तो कुणीतरी घरी बसून उठवलेला आहे.

आता बाहेर या. प्रशिया आणि जर्मन साम्राज्यातल्या इतर राज्यांच्या रेजिमेंटना एकाच मालिकेत क्रमांक होते आणि १०० च्या पुढचा भाग फार उपयोगी पडतो. १०० ते १०८ सॅक्सनी, १०९ ते ११४ बाडेन, ११५ ते ११८ हेसेन, ११९ ते १२७ व्युर्टेंबर्ग. बव्हेरियाने मात्र स्वतःची वेगळी मोजणी ठेवली. १२१ लुडविग्सबुर्गची, म्हणजे व्युर्टेंबर्गची. तेव्हा पुढच्या बिल्ल्यावर तिथलं राजचिन्ह हवं आणि डाव्या बाजूचं कोकार्ड (रंगीत गोल चकती) काळं-लाल-काळं हवं. त्या जागी प्रशियाचा गरुड बसला असेल तर बिल्ला अलगद काढून मागची भोकं मोजा. बिल्ल्याच्या मागे डाखलेल्या कड्या असतात आणि त्या चामड्यातल्या भोकांतून आत जातात. जास्तीची किंवा बुजवलेली भोकं सापडली तर बिल्ला बदललेला आहे. बाजारातला बराच माल असा दोन-तीन शिरस्त्राणं जोडून केलेला असतो. तो खोटा नसतो, पण त्याला पूर्ण किंमत देण्यात अर्थ नाही.

तारखाही आपसात जुळायला हव्यात. उजव्या बाजूचं काळं-पांढरं-लाल राष्ट्रीय कोकार्ड १८९७ मध्ये आलं. अठरावी कोअर १८९९ मध्ये उभी राहिली, विसावी आणि एकविसावी १९१२ मध्ये. ‘बी. ए.’, रोमन वीस आणि १९०८ असा शिक्का दाखवणाऱ्याला नमस्कार करावा आणि पुढच्या टेबलाकडे वळावं.

काही आकडे उगाच चकवतात. ५५½ हे डोक्याचं माप असतं, त्याचा पलटणीशी संबंध नाही. दोन शिक्के असून एकावर काट मारलेली असेल तर शिरस्त्राण एका तुकडीकडून दुसरीकडे गेलेलं आहे, आणि यात संशयास्पद काही नाही. कापडी खोळीवर पुढे रेजिमेंटचा आकडा असे: आधी लाल, ऑगस्ट १९१४ पासून हिरवा. वर ‘आर’ असेल तर राखीव पलटण. १९१६ पासूनच्या पोलादी हेल्मेटच्या आत डावीकडे ‘ई. टी. ६४’ असं काहीतरी कोरलेलं आढळतं. पुष्कळजण ते रेजिमेंट म्हणून शोधत बसतात. तो थाले गावच्या कारखान्याचा शिक्का, आणि ६४ हा कवचाचा आकार.

शिक्काच नाही म्हणून लगेच नकली म्हणू नका. अधिकारी आणि एक वर्षासाठी स्वखर्चाने भरती होणारे स्वयंसेवक शिरस्त्राण स्वतः विकत घेत. त्यात रेशमी अस्तर, बारीक काम आणि शिक्क्याची जागा मोकळी. तिथे बिल्ला, कोकार्ड आणि टोकाच्या बुडाशी असलेल्या खिळ्यांवरच अंदाज बांधावा लागतो. प्रशियन अधिकाऱ्यांच्या खिळ्यांची डोकी ताऱ्यासारखी असतात.

शिक्का पुसट असला की लोक चामड्याला तेल लावतात, म्हणजे ‘उठून दिसेल’. तेलाने चामडं काळवंडतं, शाई पसरते आणि बाहेरचं कडक लाखी पॉलिश तडकून सुटतं. पितळेवरही ब्रासो नको, कारण मूळ मुलामा जातो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, टॉर्च बाजूने आडवा धरा, चारही दिशांनी फोटो घ्या आणि मोबाइलवर कॉन्ट्रास्ट वाढवून अक्षरं वाचा.