१५८ नॉर्मलमध्ये धरलं

२९ आठवड्यांची, पहिलटकरीण. दोन दिवस पॅड ओले होत होते. घरच्यांना वाटलं लघवी सुटतेय. स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं साधन) लावून खोकायला सांगितलं, तर गर्भाशयाच्या तोंडातून पाणी येताना स्पष्ट दिसलं. पाणी गेलंय आणि कळा नाहीत, अशा बाईला बोट घालून तपासायचं नाही. आमच्याकडे पाठवण्याआधी हिची दोनदा पी.व्ही., म्हणजे बोट घालून तपासणी, झाली होती. याचा मला अजून राग येतो. योनीतले जंतू आपणच वर ढकलतो.

बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ६ मिग्रॅ, दर १२ तासांनी, चार डोस लिहिले. अँटिबायोटिक म्हणून एरिथ्रोमायसिन २५० मिग्रॅ दिवसातून चारदा. को-अमॉक्सिक्लॅव्ह नाही, २००१च्या ओरॅकल चाचणीत त्याने बाळांच्या आतड्यांना गंभीर इजा होण्याचं प्रमाण वाढलं होतं.

रात्री दीडला बाळाचे ठोके १४०, पहाटे चारला १५८. ११० ते १६० नॉर्मल, म्हणून मी पुढच्या खाटेकडे वळले. आईच्या रक्तात पांढऱ्या पेशी १७,०००. त्या जंतुसंसर्गाने वाढतात, तशा स्टेरॉइडनेही वाढतात. आईचा ताप ९९. सहाला ठोके १७५, ताप १०१, पोटाला हात लावू देईना. तेव्हा कळलं, अंग दुखतंय म्हणून रात्री तिला पॅरासिटामॉल दिलं होतं. केसपेपरवर नोंद नव्हती. आईचा ताप गोळीखाली दबला होता, बाळाचे ठोके दबले नव्हते.

गर्भपिशवीत जंतुसंसर्ग झाला होता. मग थांबायचा प्रश्नच नव्हता. अँपिसिलिन २ ग्रॅम शिरेतून दर सहा तासांनी, जेंटामायसिन किलोमागे ५ मिग्रॅ दिवसातून एकदा. बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम सल्फेट: ४ ग्रॅम वीस मिनिटांत, पुढे तासाला १ ग्रॅम, औषध जास्त होत नाही ना, यासाठी गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास आणि लघवी बघत. कळा दाबायचं औषध अजिबात नाही, कारण मग बाळ त्याच पाण्यात कोंडून राहतं. अँटिबायोटिक जंतू मारतं. पेटलेली सूज त्याने लगेच विझत नाही. सुटका प्रसूतीनेच.

अकराला बाळ झालं, १,२०० ग्रॅम. बारीक रडलं. वारेला वास होता, बाळाभोवतीच्या पिशवीचे पडदे गढूळ. वार नाळेसकट १० टक्के फॉर्मलिनमध्ये पाठवली. बहुतेक ठिकाणी ती बादलीत जाते, आणि तिच्याबरोबर पुरावाही.

रिपोर्टमध्ये पडद्यांना सूज होतीच. त्याखालची ओळ मी परत परत वाचते: नाळेच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पांढऱ्या पेशी. त्या आईच्या नसतात, बाळाच्याच असतात. म्हणजे बाळ स्वतः लढत होतं. या लढाईतली रसायनं रक्तातून मेंदूच्या पांढऱ्या भागापर्यंत पोचतात, आणि २९ आठवड्यांना तोच भाग सगळ्यात नाजूक.

टाळूवरून केलेली पहिली सोनोग्राफी स्वच्छ आहे. पण मेंदूची ही इजा दिसायला काही आठवडे लागतात. पुढची लावली आहे. चारच्या नोंदीत दीडपेक्षा १८ ठोके जास्त होते. आता मी आकड्याशेजारी आधीचा आकडा लिहायला लावते, आणि तापाच्या रकान्यात गोळीची वेळ.