हेड साफ कर

2019 च्या मे महिन्यात मी एकाच मोबाईलचा रिंगर, म्हणजे मोठ्याने आवाज येतो तो स्पीकर, दोनदा बदलला, आणि नवीन टाकलेल्या दोन्ही रिंगरमध्ये काहीच खोट नव्हती.

मुलगी डोंबिवलीची, सुट्टीत मामाकडे आलेली. कर्द्याच्या समुद्रात फोन पडला. चाकरमानी उतरले की आंबे, फणस आणि खाऱ्या पाण्यात बुचकळलेले फोन, हा आमचा सीझन. फोन उघडला, आयपीएने, म्हणजे सफाईच्या स्पिरिटने, धुतला, सुकवला. रिंगर गेलाच होता, तो बदलला. टेस्टिंगला तिने तिच्याच फोनमधलं एक गाणं लावून दिलं आणि ती समोर सरबत प्यायला गेली. आवाज आला, पण बसका. बाई गातेय की उशीत तोंड खुपसून बोलतेय कळेना. मागचा ठेका डब्यावर पेन्सिल आपटावी तसा. म्हटलं माल डुप्लिकेट निघाला. दुसरा रिंगर टाकला. तेच. जाळी ब्रशने घासली. तेच. शेवटी गणपतीची आरती लावली, तर झांजा खणखणीत!

म्हणजे गाणंच तसं होतं.

ती परत आल्यावर मी जरा रागातच सांगितलं, तर खुदकन हसली. "दादा, ते तसंच आहे. तिने स्वतःच्या खोलीत बसून केलंय." मग बिलाच्या मागे तीन नावं लिहून दिली: क्लेरो, बॉय पाब्लो, मेन आय ट्रस्ट. वर लिहिलं, 'बेडरूम पॉप'. ते बिल मी गल्ल्यात टाकलं. हे पुढे कुणाला दाखवता येण्यासारखं नाव नव्हे, हा पहिला विचार.

आता थोडं आमच्या दुकानाबद्दल. हर्णै बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर बाबांनी 1984 मध्ये टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान टाकलं. माझ्या हातात आलं तेव्हा टेप संपले होते आणि मेमरी कार्ड आली होती. मी गाणी भरून द्यायचो. चार जीबीचे पन्नास रुपये. बोटी आठ-आठ दिवस बाहेर जायच्या आधी खलाशी रांग लावायचे: कोळीगीतं, जुनी हिंदी, डबलबारी, कव्वाली. सगळा चोरीचाच माल, खोटं कशाला बोलू. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि हा धंदा बुडाला. पण त्या सात-आठ वर्षांत कोणाला काय आवडेल हे माणूस दुकानाची पायरी चढेपर्यंत ओळखायची सवय लागली. तिचा उपयोग पुढे झाला, आणि पंचाईतही.

पावसाळा लागला. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बंदर गप्प, गिऱ्हाईक नाही. गल्ला साफ करताना बिल सापडलं. रात्री पडवीत बसून तिन्ही नावं ऐकली.

पहिल्या दिवशी आवडलं असं म्हणणार नाही. या गाण्यांना धरायला मुखडा लवकर मिळत नाही. पण दुपारी जेवून आडवं झाल्यावर, अर्धवट झोपेत शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू येतो ना, शब्द कळत नाहीत पण कोणीतरी घरात आहे एवढं कळतं, तसं काहीसं होतं ते. चौथ्या दिवशी सोल्डरिंग करताना मी काहीतरी गुणगुणत होतो. काय ते आठवायला दहा मिनिटं लागली. बिलावरचंच होतं.

मग माहिती काढत बसलो. क्लेरोचं ज्या गाण्याने नाव झालं त्याचा व्हिडिओ 2017 चा, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर खोलीतच बसून केलेला. बॉय पाब्लो नॉर्वेतल्या बर्गेनचा. त्याचंही त्याच वर्षी झालं. यूट्यूबनेच लोकांच्या पुढ्यात सरकवलं आणि गाव जागं झालं. बर्गेन म्हणजे मासळीबाजार आणि पाऊस. वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे त्याहून जास्त पडतो, तोही चार महिन्यांत, तरी मला हा पोरगा एकदम आपल्या वाडीतला वाटायला लागला. मेन आय ट्रस्ट कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे. त्यांची बास गिटार ऐकाल तर बोट धक्क्याला बांधलेली असताना हलते, तशी हलते.

नवीन शोधायला गेलो आणि फसलो, कारण माझा फोन दुकानाचा. त्याच्यावरच टेस्टिंग, त्याच्यावरच पोरांची बडबडगीतं, त्याच्यावरच आईचा हरिपाठ. स्पॉटिफाय दर सोमवारी तीस गाण्यांची यादी देतं. माझ्या यादीत क्लेरोच्या खाली 'देवाक काळजी'सारखं काहीतरी, मग लग्नाची हळद, मग परत कोणीतरी कुजबुजणारा पोरगा. मशीनची तरी काय चूक? दुकानात बसलेला माणूस एक आहे की सतरा, ते त्याला कसं कळणार! वेगळं खातं उघडलं, त्यावर फक्त हीच गाणी ऐकायची असा नेम केला, तेव्हा महिन्याभराने यादी जागेवर आली. तीसमधली दोन ठेवण्यासारखी निघाली तर सोमवार चांगला गेला म्हणायचं.

आणि 3 जून 2020. निसर्ग वादळ दिवेआगरजवळ जमिनीवर आलं आणि दापोली तालुका आडवा झाला. आमची कौलं गेली, दुकानाचे पत्रे समोरच्या माडाला गुंडाळलेले सापडले. बावीस दिवस लाईट नव्हती, नेटवर्क त्याहून उशिरा आलं. वर लॉकडाऊन. एका बोटवाल्याच्या जनरेटरवर रोज संध्याकाळी अख्खी वाडी फोन चार्ज करायची. माझ्या फोनमध्ये डाउनलोड केलेली गाणी अकरा. बावीस दिवस तीच अकरा.

त्यातल्याच एका रात्री बाबा पडवीत माझ्या शेजारी बसले होते. अंधार, ताडपत्रीवर पाऊस. मी मॅक डीमार्को लावला होता. हा माणूसही मॉन्ट्रियलमध्ये राहायचा, 2012 ची त्याची गाणी त्याने घरातच टेपवर रेकॉर्ड केलेली. त्याची गिटार जराशी लडबडते, सूर वर-खाली डुलतो. बाबांनी मिनिटभर ऐकलं.

"बेल्ट सैल झालाय," ते म्हणाले.

"बाबा, फोन आहे. फोनला बेल्ट कुठला?"

"ह्याच्या नाही रे. ज्याच्यावर भरलंय त्याच्या. नाहीतर पिंच रोलर गेलाय. पुढचं लाव."

पुढचं क्लेरोचं. डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "हेड घाण झालंय. साफ कर. नाहीतर हेडचा स्क्रू फिरलाय."

मी हसत होतो, पण नंतर झोप लागेना. कारण निदान बरोबर होतं. टेपवर सूर डुलतो तो बेल्ट किंवा रोलर घसरून वेग कमी-जास्त होतो म्हणून. आवाजाची धार जाते ती हेडवर, म्हणजे पट्टी वाचणाऱ्या भागावर, मळ बसल्यामुळे किंवा हेड तिरकं झाल्यामुळे. खाऱ्या हवेत हे दोन्ही रोग रोजचेच. बाबांनी वर्षानुवर्षं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून हेच रोग काढले. आणि ही पोरं लॅपटॉपमध्ये प्लग-इन, म्हणजे आवाज बदलणारं सॉफ्टवेअर, टाकून तेच रोग पैसे देऊन विकत घेतात! बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग मी उगाच साफ करत बसलो."

त्यांना पटलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. लाईट आल्यावर मी त्यांना पोर्टास्टुडिओचा फोटो दाखवला. टॅस्कॅम कंपनीने 1979 मध्ये काढलेलं यंत्र, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे रेकॉर्ड करणारं. घरात बसून रेकॉर्डिंग करायची सवय लोकांना लावणारं यंत्र हेच. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने 1982 च्या सुरुवातीला न्यू जर्सीच्या घरात त्याच्यावर गाणी भरली, बँडला दाखवायला म्हणून, आणि शेवटी तीच तशीच्या तशी बाहेर काढली. बाबांनी चष्मा पुसला, फोटो मोठा करायला लावला.

"चार कसे? पट्टी तर तेवढीच."

मी सांगणार, इतक्यात त्यांनीच बोटांवर मोजलं. ए बाजूला दोन, डावा-उजवा. बी बाजूला दोन. "म्हणजे हा दोन्ही बाजू एकाच दिशेने वापरतो. मग कॅसेट उलटी करायची सोय नाही." आणि थोड्या वेळाने, "वेगही वाढवला असणार. नाहीतर खरखर फार येईल." वेग खरंच दुप्पट आहे त्या यंत्रात. त्या दिवसापासून बाबा माझ्या गाण्यांना गाणी म्हणायला लागले. त्याआधी 'तो तुझा बिघाड' म्हणायचे.

माझी स्वतःची अडचण इंग्रजीची. निम्मे शब्द डोक्यावरून जायचे. मग मागे मागे जाताना कॉक्टो ट्विन्स सापडले, स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथ नावाच्या बंदराच्या गावातले, ऐंशीच्या दशकातले. आजच्या स्वप्नाळू गाण्यांची आजी म्हणावी अशी त्यांची गायिका एलिझाबेथ फ्रेझर. तिचे शब्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही लागत नाहीत, हे वाचलं आणि मी सुटलो. आमच्या भजनी मंडळात जोडसुरांची पेटी आहे. एकाच पट्टीला दोन सूर, एकमेकांपासून केसभर सरकलेले, त्यामुळे आवाज थरथरतो. यांच्या गिटारीत नेमकं तेच ऐकू येतं. यंत्र वेगळं, युक्ती तीच.

विकत घ्यायला लागलो ते बँडकँपवरून. तिथे 'बेडरूम पॉप' असा शिक्का टाकून शोधता येतं, गावानुसारही. कंपनी पंधरा टक्के घेते, पेमेंटचा खर्च वेगळा, बाकीचे करणाऱ्याला. मार्च 2020 पासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात. पहिल्यांदा एक डॉलरचं गाणं घ्यायला गेलो तर कार्ड नाकारलं. पाच वेळा. बँकेत गेलो, तर समोरच्या साहेबांनी "कशाला पाहिजे परदेशी व्यवहार?" असं विचारलं आणि फॉर्म भरून घेतला. पंधरा दिवस काही नाही. खरं तर बँकेच्या अ‍ॅपमध्येच एक बटण असतं. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमाने नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच येतात, आपण चालू करायचे. ते मला भाचीने दाखवलं, अर्ध्या मिनिटात. हे सांगतो अशासाठी की 2024 पासून स्पॉटिफायवर वर्षभरात हजारदा न वाजलेल्या गाण्याला काही मिळत नाही. मी ज्यांना ऐकतो त्यातल्या कित्येकांना तीनशे माणसं ऐकत असतील नसतील. चोरीची गाणी विकून खाल्ली, आता निदान एक-एक डॉलर तरी परत जाऊ दे.

आता दुसऱ्याला ऐकवण्याची गोष्ट. इथे माझी आधीची सगळी हुशारी पाण्यात गेली. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाळीस गाण्यांची यादी टाकली. उत्तरं: दोन अंगठे आणि एक 'हॅपी बर्थडे', तेही दुसऱ्या कोणाला तरी. दुकानात लावून ठेवलं तर गिऱ्हाईक विचारायचं, "कोण आजारी आहे का?" कॉलेजची पोरं आली, म्हणाली आम्हाला लो-फाय आवडतं. मला आनंद झाला. तर त्यांचं लो-फाय म्हणजे हिंदी सिनेमाचं गाणं संथ करून त्याच्यावर घुमारा चढवलेला. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी ओतावं तसं. पण विचार केला, या पोरांना मंद आणि धूसर आवडतंय तर खरं. त्यातल्या एकीला म्हटलं, हे एकच गाणं घे. आत्ता ऐकू नको. दाभोळच्या फेरीबोटीत बसशील तेव्हा ऐक. तिसऱ्या दिवशी ती पुढचं मागायला आली.

तेव्हापासून वही केली. जुनी बिलाची वही, तिच्यात तीन रकाने: गाणं, कोणाला, कधी ऐकायचं. तिसरा रकाना सगळ्यात अवघड. आधी गाणं फोनच्याच रिंगरवर ऐकतो, कारण बहुतेक लोक तसंच ऐकणार. मग रात्री पडवीत. सकाळी दात घासताना आपोआप आठवलं तरच वहीत. आंबा काढणीच्या दिवसांत कोणालाही काहीही सांगत नाही. त्या माणसाला झोप पाहिजे, गाणं नको. कोकण रेल्वेने मुंबईला निघालेल्याला आधी डाउनलोड करायला लावतो, बोगद्यात नेटवर्क गेलं की गाणं मध्येच तुटतं आणि शिव्या मला.

एक फसलेलं सांगतो. एका काकींचा मुलगा दुबईला गेला होता. त्या उदास वाटल्या म्हणून मी त्यांच्या फोनवर एक फार सुंदर, हळवं गाणं टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि म्हणाल्या, "रडायला मला गाणं लागत नाही रे बाबा. भजन टाक."

कार्ड भरण्याचा धंदा अगदी मेलेला नाही. खोल समुद्रात अजून रेंज नसते. मागच्या नारळी पौर्णिमेनंतर एक तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, आला, वय साठ, माझ्या बाबांचं गिऱ्हाईक. नेहमीची गाणी भरली आणि शेवटी न विचारता पाच माझी टाकली. त्यांना बजावलं, इंजिन चालू असताना लावू नका, काही ऐकू येणार नाही. नांगर टाकल्यावर, रात्री.

दहा दिवसांनी बोट लागली. तांडेल काउंटरवर कार्ड ठेवून म्हणाले, "ती बाई गाते ना, शेवटून दुसरी, ती काढ."

"आवडली नाही?"

"झोप लागते. तांडेल झोपला तर जाळ्यावर लक्ष कोण ठेवणार?"

काढलं. संध्याकाळी लिलाव आटपल्यावर त्याच बोटीवरचा पोरगा आला. खिशातून स्वतःचं कार्ड काढलं, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "तांडेलांनी काढायला लावलं ते माझ्यात टाका."

बाबा मागे खुर्चीत बसले होते. "आधी त्याचं हेड साफ कर," ते म्हणाले.